सायकलवरून उतरणारी सून

भूगावच्या भिवाजीच्या सुनेला सायकल चालवता येत होती, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. तिची अडचण होती ती उतरण्याची. खाली उतरायची ती झटक्यात, पण पुन्हा चढायला तिला दगड लागायचा. सायकल नवऱ्याची, मधे आडवी दांडी असलेली, उंच. जया अंगानं बुटकी. नऊवारीचा काष्टा घट्ट मारला की बाकी काही अडत नसे, पण पायाखाली वीतभर उंचवटा असल्याशिवाय पाय दांडीपलीकडे जायचाच नाही. मग तसा दगड सापडेपर्यंत सायकल हातात धरून चालत सुटायचं.

आणि उतरायचं कशासाठी? तर समोर वडीलधारं माणूस दिसलं म्हणून. चावडीपुढून जाताना सुनेनं वहाणा हातात घ्यायच्या, पदर पुढे ओढायचा आणि खाली मान घालून कडेकडेनं जायचं, ही गावाची रीत. सायकलवर बसलेल्या सुनेनं काय करायचं हे कुणीच ठरवलेलं नव्हतं, कारण सायकलवर बसलेली सूनच भूगावानं तोवर पाहिली नव्हती. ते जयानं आपल्या मनानं ठरवलं. जिथं वहाणसुद्धा पायात ठेवायची नाही, तिथं सायकलवर बसून कसं जायचं? तेव्हा उतरायचं. धोंड तिनं स्वतःच गळ्यात बांधून घेतली होती, आणि ती काढून टाकावी असं तिच्या मनातही येत नव्हतं.

ही गोष्ट एकोणीसशे त्रेसष्टच्या हिवाळ्यातली. त्या वर्षी ग्रामसेवकानं येऊन सांगितलं होतं, की गावातली सातवी पास बाई पुण्याला वर्षभर शिकायला पाठवाल, तर गावाला बालवाडी मिळेल. सातवी पास बाई गावात एकच निघाली. जयाचे वडील मारुंजीच्या शाळेत शिपाई होते, आणि शाळेच्या कपाटातली पुस्तकं झाडायच्या निमित्तानं या पोरीनं ती सगळी वाचून काढली होती. भिवाजी मिशीवर ताव देऊन चावडीत म्हणाला, "माजी सून जाईल." बोलून गेला खरा. पण मोटार गावात यायची पावणेदहाला आणि बालवाडीचं शिक्षण देणाऱ्या एरंडवण्यातल्या संस्थेत प्रार्थना व्हायची नवाला. मग जयाचा नवरा वाल्मीक, जो खडकीच्या कारखान्यात कामाला होता आणि रविवारचा तेवढा घरी यायचा, त्यानं आपली जुनी सायकल आणून दिली. चार रविवार खळ्यात गोल गोल फिरून, दोनदा कडब्याच्या गंजीत घुसून, जया सायकल शिकली.

शहरात शिरलं की जयाला वेगळंच वाटायचं. कोथरूड मागं पडलं की ओळखीचं माणूस संपायचं आणि सायकली सुरू व्हायच्या. किती सायकली! कचेरीत निघालेले बाबू, मागच्या कॅरिअरवर डबा बांधलेले. कॉलेजच्या मुली, दोघी-दोघी शेजारून, गप्पा मारत, एका हातानं वेणी पाठीवर टाकत. एकदा त्यातल्या एकीच्या समोरून तिचे मास्तर आले. मुलीनं हसून नुसती मान लववली आणि पायडल मारत पुढं गेली. मास्तरही हसले. जया कितीतरी वेळ मागं वळून बघत राहिली आणि एका भाजीवाल्याच्या टोपलीवर जाणार होती, थोडक्यात वाचली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नवी घरं झाली होती, आणि सव्वाआठला घराघरात रेडिओ लागलेला असायचा. सगळ्यांचं स्टेशन एकच. त्यामुळं पहिल्या बंगल्याच्या खिडकीतून गाण्याचा मुखडा यायचा, पुढच्या घरातून अंतरा आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानातून त्याच गाण्याचा शेवट. मधला एखादा तुकडा एखादा कुत्रा भुंकला म्हणून जायचा. तो दुसऱ्या दिवशी सापडायचा, नाही तर जया तो आपल्या मनानं जोडायची. अशी तिनं सात-आठ गाणी रस्त्यावरून गोळा केली होती. जात्यावरच्या ओव्या म्हणणारा तिचा गळा मोकळा होता. वर्गावरच्या बेहेरेबाईंनी पहिल्या आठवड्यातच ओळखलं, की या बाईला पेटी शिकवली नाही तरी चालेल.

संस्थेत पुस्तकांचं एक कपाट होतं आणि आठवड्याला एक पुस्तक घरी नेता यायचं. जयाची सासू सारजाबाई आधी म्हणायची, "शिकून काय कलेक्टर व्हनार हाय व्हय?" मग एके संध्याकाळी जयानं चुलीपाशी एका कादंबरीचं प्रकरण मोठ्यानं वाचलं. त्यातली नायिका विहिरीच्या काठावर उभी होती आणि प्रकरण तिथंच संपलं. सारजाबाईला त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी ती स्वतः सुनेची भाकरी फडक्यात बांधून देत म्हणाली, "जा बाई वकुतावर. आन येताना तिचं पुढं काय झालं ते घिऊन ये." पुस्तक घरातच कोनाड्यात होतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

असं सगळं छान चाललेलं असताना जया वर्गात उशिरा पोहोचू लागली. गाव ते पुण्याच्या वाटेवरची खिंड एवढ्या टप्प्यात भूगावचं निम्मं म्हातारपण बसलेलं असायचं. आधी चावडी. मग देवळाचा पार. मग शेतांच्या बांधांवर ऊन खात बसलेले आजे-चुलते. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे पुण्यात दूध घालून सायकलींवरून परत येणारे गावचे दूधवाले, सगळे वयानं मोठे. लवकर निघालं तर ते जाताना भेटत, उशिरा निघालं तर येताना. प्रत्येकाला बघून ब्रेक, उडी, पदर, खाली मान. माणूस गेलं की दगडाचा शोध. संस्थेचा नियम कडक होता. सहा वेळा उशीर झाला की नाव कमी. नाव कमी झालं की प्रमाणपत्र गेलं आणि गावची बालवाडीही गेली. बेहेरेबाईंनी दोन-तीनदा कारण विचारलं. जया गप्प. आपलेच दात आणि आपलेच ओठ. गावच्या म्हाताऱ्यांची कागाळी शहरातल्या बाईंकडं कोणत्या तोंडानं करायची?

पाचव्या उशिराच्या दिवशी, शनिवारी, बाईंनी एक बंद पाकीट दिलं. "घरच्या वडील मंडळींना द्या."

आता घरच्या वडील मंडळींना अक्षरओळख नव्हती. भिवाजीनं पाकीट उलटंसुलटं करून बघितलं आणि सुनेच्याच हातात परत दिलं. "वाच."

खोटं वाचता आलं असतं. कुणाला कळलं असतं? जयाच्या मनात तो विचार आला, नाही असं नाही. पण ओसरीच्या खांबाआड उभी राहून तिनं अक्षर न गाळता वाचलं. 'आपल्या सूनबाई वर्गास पाच वेळा उशिरा आल्या. कारण विचारता सांगत नाहीत. आणखी एकदा उशीर झाल्यास नाव कमी करावे लागेल, याचे आम्हांस वाईट वाटते. त्यांच्यासारखी विद्यार्थिनी आम्हांस क्वचित मिळते.' हे शेवटचं वाक्य तिनं भराभर वाचून टाकलं.

"उशीर का हुतोय?" भिवाजीनं विचारलं.

जयानं पत्राची घडी घातली.

"गेणबा चावडीत म्हनतोय, शहराचं वारं लागलंय, कुटंतरी फिरत बसत आसंल. मी त्याला काय सांगू?"

तुमच्यासाठीच उतरते मामंजी, हे मामंजींना कसं सांगायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार दुसरा काय असतो! सारजाबाईनं मधे पडून नवऱ्याला भाकरी वाढली म्हणून तेवढ्यावर भागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हसू आला. म्हसू मेंढरंवाला. हिवाळ्यात खतासाठी भिवाजीच्या रानात त्याचा कळप बसायचा. आज कोणत्या तुकड्यात मेंढरं बसवायची ते विचारायला तो आला होता. ते ठरल्यावर तंबाखू मळता मळता म्हणाला,

"दादा, येक इचारू का? तुमची सून मला बघून सायकलवरनं का उतरती?"

"तुला बघून?"

"मला! आवं, माजी कुत्री बी माज्यासाठी जाग्यावरनं उठत न्हाईत. आन ह्ये लेकरू पदर घिऊन खाली मान घालून हुबं. मग चढाया दगड हुडकत फिरतीया. काल खिंडीपतुर अकरा डाव उतरली. मेंढरं मोजावी तसं मोजलंय म्या."

आत जात्यापाशी बसलेल्या जयानं हे ऐकलं आणि तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग भिवाजीचा आवाज आला, नेहमीपेक्षा जाड. "म्हसू, बैलगाडी जुपाया हात लाव."

वाल्मीकला त्या रविवारी सुटी नव्हती. दिवसभर खपून दोघांनीच नाल्यातले सपाट काळे दगड आणले आणि चावडीपासून खिंडीपर्यंत ठिकठिकाणी रस्त्याच्या कडेला रोवले. उतरली तरी चार पावलांवर दगड, लगेच चढायचं. सोमवारी जया पावणेनवालाच वर्गात हजर झाली. मंगळवारीही. भिवाजी खुशीत होता, सुनेशी बोलत मात्र नव्हता.

पण करायला गेला गणपती आणि झाला मारुती. भूगावात रस्त्याकडेला, उन्हाच्या तोंडाला, टेकता येईल असा सपाट दगड रिकामा राहील कसा? बुधवारी दोन दगडांवर दोन म्हातारे येऊन बसले. गुरुवारी पाच. जे आजवर घरातून बाहेर पडत नव्हते तेही काठी टेकत टेकत येऊ लागले. भिवाजीनं आपल्यासाठी सोय केली म्हणून त्याला आशीर्वाद देऊ लागले. आता उतरायची ठिकाणं वाढली होती आणि चढायच्या प्रत्येक दगडावर एकेक आजोबा बसलेला होता. शनिवारी जया वर्गात पोहोचली तेव्हा प्रार्थनेचं शेवटचं कडवं चाललं होतं. बेहेरेबाईंनी घड्याळाकडं बघितलं आणि वहीत काही लिहिलं नाही. पण जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "सोमवारी तुमचा नमुना पाठ आहे. परीक्षक बाहेरून येणार आहेत, नवाच्या ठोक्याला. त्या दिवशी माझ्या हातात काही नाही, जयाबाई."

संध्याकाळी भिवाजीनं विचारलं, "पोचलीस?"

"पोचले. पर..." जयानं पदर सारखा केला. "दगडांवर माणसं बसत्यात, मामंजी. आन सोमवारी परीक्षा हाय."

आयुष्यात पहिल्यांदा ती सासऱ्यापुढं एवढं बोलली. भिवाजीनं हातातला तांब्या खाली ठेवला, मुंडासं डोक्याला गुंडाळलं आणि चावडीकडं गेला. परत आला तो मुकाट्यानं जेवला. काय झालं ते सारजाबाईनंही विचारलं नाही.

सोमवारी जया उठायच्या आत भिवाजी घराबाहेर पडलेला होता. तिनं अंगणातल्या ओट्यावरून सायकलवर टांग टाकली, मनातल्या मनात गोष्ट आणि गाणं घोकत वळण घेतलं आणि चावडी दिसताच ब्रेकवर बोटं ठेवली.

चावडीतली सगळी माणसं तिच्याकडं पाठ करून बसली होती.

गेणबा, कोंडिबा, झाडून सगळे. भिंतीकडं तोंडं. आणि त्या रांगेत, टोकाला, तिच्या सासऱ्याची रुंद पाठ.

पाठमोऱ्या माणसासाठी उतरायचं की नाही, याला रीत काय सांगते? ती विचार करेपर्यंत सायकल आपल्या गतीनं चावडी ओलांडून गेलीसुद्धा. पारावर तेच. पहिल्या दगडावरचा म्हातारा तिची चाहूल लागताच काठी टेकून उठला आणि शेताकडं तोंड करून उभा राहिला. दुसराही तसाच. तिसऱ्या दगडापाशी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. गावानं वाळीत टाकलं. दुसरा काय अर्थ? पाठ झाला, प्रमाणपत्र मिळालं, तरी या गावातलं कोण आपलं लेकरू तिच्या बालवाडीत पाठवणार? आणि मामंजीसुद्धा त्यांच्यात! समोरून येणाऱ्या दूधवाल्यांनीही तिला बघून सायकली थांबवल्या आणि रस्त्याकडं पाठ केली. ती पायडल मारत राहिली, कारण थांबून तरी कुणाशी बोलायचं होतं?

खिंडीच्या चढावर ती नेहमीप्रमाणे उतरून चालू लागली. वर म्हसू मेंढरांच्या मधोमध उभा होता. पाठमोरा.

"म्हसूबाबा, तुमी बी?" जया रडतच म्हणाली. "काय चुकलं माजं?"

"रडतीस कशाला?" म्हसू घाबरून, पण न वळता म्हणाला. "तुला कुनी सांगितलं न्हाई व्हय? आगं, परवा तुजा सासरा चावडीत हुबाच ऱ्हायला, बसला न्हाई. म्हनला, माजी सून तुमचा मान ठिवाया उतरती आन तिची शाळा बुडती. ती मान सोडनार न्हाई, आन तिला सोड म्हनाया माजी जीब रेटत न्हाई. तवा तुमीच पाठ फिरवा. मानूस पाठमोरं आसलं का पोरीला उतराया लागत न्हाई."

"आन त्यांनी ऐकलं?"

"गेणबा म्हनला, सुनंसाठी हात जोडनार का भिवाजी? तर भिवाजीनं जोडलं की! सगळ्यांम्होरं. मग येकेक करून समदे व्हय म्हनले." म्हसूनं घसा खाकरला. "आता तू चालतच हायेस, तर म्या वळू का? मान आवघडली."

जया रडता रडता हसली. तिला सासऱ्याचे ते रांगडे, बैलाची वेसण धरणारे हात डोळ्यांपुढं दिसले, गेणबासारख्या माणसापुढं जोडलेले. मैलाच्या दगडावरून तिनं टांग टाकली आणि उतारावर ब्रेकला हातही लावला नाही.

एरंडवण्यात शिरली तेव्हा खिडक्यांतले रेडिओ नुकते कुठं ऐन रंगात आले होते. संस्थेच्या फाटकात घड्याळ आठ पस्तीस दाखवत होतं. बेहेरेबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी जयाचे सुजलेले डोळे बघितले आणि पाण्याचा पेला पुढं केला.

नवाला पाठ सुरू झाला. समोर आसपासच्या घरांतली वीस-बावीस चिमुरडी, मागं खुर्चीवर चष्मेवाले परीक्षक. गाणं झालं. खिडक्याखिडक्यांतून वेचलेलं ते गाणं जयानं असं मोकळ्या गळ्यानं म्हटलं, की मुलं टाळ्या वाजवायची थांबेनात. मग गोष्ट. महिनाभर पाठ केलेली गोष्ट तिनं सुरू केली आणि दोन वाक्यांनंतर सोडून दिली. तिच्या तोंडून दुसरीच येऊ लागली.

"एक होती बुटकी सायकलवाली. तिला चढायला लागायचा दगड. आणि प्रत्येक दगडावर कोण बसलेलं असायचं?"

"कोण?"

"एक आजोबा!"

मुलं खिदळली. दुसऱ्या दगडावर दुसरे आजोबा, तिसऱ्यावर तिसरे. प्रत्येकाची काठी वेगळी, खोकला वेगळा. मुलं एकेका आजोबासारखं खोकून दाखवू लागली. शेवटी सगळे आजोबा पाठ करून उभे राहिले आणि सायकलवाली भुर्रकन निघून गेली, तेव्हा परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. बेहेरेबाईंच्या मांडीवर उशिराच्या खुणांची वही होती. पाच खुणा का झाल्या होत्या ते त्यांना आज समजलं होतं. त्यांनी वही मिटली. "तुम्ही पास आहात, हे मी आज सांगायला नको," जाताना त्या म्हणाल्या, "पण न सांगता तुम्हांला झोप लागणार नाही."

उन्हं कलताना जया गावात पोहोचली. चावडीत सगळे बसलेले होते, या वेळी रस्त्याकडं तोंड करून. तिनं ब्रेक दाबला, उडी मारली, वहाणा काढून हातात घेतल्या.

"आता का उतरलीस?" सगळ्यांसमोर भिवाजीनं विचारलं. सुनेशी चावडीत बोलणारा तो पहिलाच सासरा असावा.

"आता येळ हाय, मामंजी," जया पदराआडून म्हणाली. "पास झाले."

भिवाजीनं मिशीवर हात फिरवला खरा, पण ताव द्यायचं त्याला जमलं नाही. मग गेणबा उठला. याच गेणबानं शहराच्या वाऱ्याची आवई उठवली होती. तो चावडीपुढच्या आपल्या दगडावरून बाजूला झाला, उपरण्यानं दगड झटकला आणि कुणाकडंही न बघता म्हणाला, "बस. आज पोरांना काय सांगितलंस ते आमाला बी सांग की. आमचा बी हक हाय. सकाळधरनं माना आवघडल्यात."

जया काही बसली नाही. तेवढं धाडस त्या वर्षी कुठल्याच सुनेला झालं नसतं. शिवाय गोष्ट होती याच म्हाताऱ्यांची, यांच्याच खोकल्यांची. तिचे कान तापले. पण सायकल हातात धरून, जमिनीकडं बघत, तिनं अगदी बारीक आवाजात सुरुवात केली. एक होती बुटकी सायकलवाली.

"मोठ्यानं बोल," भिवाजी म्हणाला. "मागं कोंडिबाला ऐकाया येत न्हाई."